सर्व्हर नाही पाहिला, मग पाहिलं काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "२०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रशियाने ढवळाढवळ केली, हे सगळे धरूनच चालतात. पण एफबीआयने डेमोक्रॅटिक पक्षाचा सर्व्हर कधी ताब्यातच घेतला नाही. अमेरिकेचेच निवृत्त गुप्तचर अधिकारी सांगतात, की फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी झाल्या, म्हणजे काम घरच्याच माणसाचं. मग यात पुरावा म्हणावा असं आहे तरी काय?"

मी पुण्यात डिजिटल फॉरेन्सिकचं काम करते, त्याला अठरा वर्षं झाली. जप्त झालेले कॉम्प्युटर, मोबाइल, हार्ड डिस्क माझ्या टेबलावर येतात. मी तपासते, अहवाल लिहिते आणि दोन-चार वर्षांनी केस बोर्डावर आली की साक्षीला उभी राहते. हेरगिरीच्या दुनियेशी माझा काही संबंध नाही. अमेरिकेतली आरोपपत्रं, सिनेट समितीचे अहवाल, खासगी कंपन्यांचे तांत्रिक कागद हे सगळं उघड आहे, तेवढ्यावरूनच बोलते.

तुमची सर्व्हरची शंका मला बरीचशी पोकळ वाटते आणि पेनड्राइव्हची गोष्ट सरळ चुकीची आहे. तरीही शंका घेऊच नये असं मी म्हणणार नाही. या प्रकरणात भुसभुशीत जागा आहेत. तुम्ही कुदळ खडकावर मारताय, एवढंच.

आधी सर्व्हर. १६ जुलै २०१८ ला हेलसिंकीत पुतिन शेजारी उभे असताना ट्रम्प यांनी "सर्व्हर कुठे आहे?" असं पत्रकारांपुढे विचारलं. तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांसमोर एक काळी पेटी आहे, ती उघडली की आत चोराचं नाव लिहिलेलं सापडणार. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटीने (यापुढे डीएनसी म्हणते; २०१६ मध्ये हिच्याच कॉम्प्युटरांतून ईमेल आणि फाइल्स चोरून बाहेर सोडल्या गेल्या) कोर्टातल्या आपल्या दाव्यात १४० पेक्षा जास्त सर्व्हर बाद करावे लागल्याचं म्हटलं आहे. तेवढे उचलायचे तर टेम्पो लागला असता आणि ऐन निवडणुकीत पक्षाचं ऑफिस ठप्प झालं असतं.

दुसरं म्हणजे मूळ डिस्क आम्हीही तपासत नाही. ती राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, आणि बिट न् बिट तशीच नक्कल काढायची. तिला आम्ही इमेज म्हणतो. मग मूळ आणि नकलेची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा आकडा, काढून जुळवायची. डिस्कवरच्या एखाद्या फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो आकडा पार वेगळा येतो. हॅश पंचनाम्यात लिहायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या, मूळ डिस्क सील करून मुद्देमालात. तिथून पुढे जे काही पाहायचं ते नकलेवर. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही हॅश लिहावाच लागतो. चालू मशीन बंद करून उचललं तर उलट नुकसान होतं, कारण मेमरीतलं सगळं जातं आणि घुसखोराच्या पावलांचे ठसे बरेचदा तिथेच असतात.

रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास करणारे विशेष वकील म्युलर यांच्या २०१९ च्या अहवालात, डीएनसीच्या सर्व्हरच्या इमेज आणि नेटवर्कवरच्या वाहतुकीच्या नोंदी एफबीआयला नंतर मिळाल्या, असं लिहिलं आहे. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख कोमी यांनी जानेवारी २०१७ मध्ये सिनेटपुढे कबूल केलं, की थेट मशीन मिळणं केव्हाही चांगलं. ते बरोबरच आहे, मीही तेच म्हणेन. पण 'सर्व्हर पाहिला नाही' आणि 'सर्व्हरची इमेज पाहिली' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरी शंका घ्यायची तर अशी घ्या: इमेज काढली कुणी? क्राउडस्ट्राइक या खासगी कंपनीने, आणि तिला नेमलं होतं डीएनसीनेच. फिर्यादीने पैसे देऊन बोलावलेला तज्ज्ञ म्हटलं की आपल्याकडचा कुठलाही वकील आधी त्यावरच बोट ठेवील. त्यात ही कंपनी चुकलीही आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तिने अहवाल काढला, की रशियन हॅकरांनी युक्रेनच्या तोफखान्याच्या मोबाइल ॲपमध्ये शिरकाव केला आणि त्यामुळे डी-३० जातीच्या ८० टक्के तोफा नष्ट झाल्या. ज्या लंडनच्या संस्थेचे आकडे त्यात वापरले होते तिनेच सांगितलं, की आमच्या आकड्यांचा अर्थ असा होत नाही. मार्च २०१७ मध्ये कंपनीला तो अहवाल दुरुस्त करावा लागला. तेव्हा एकट्या क्राउडस्ट्राइकच्या शब्दावर मी कुणाला दोषी ठरवणार नाही. तशी वेळ इथे येत नाही, ते पुढे सांगते.

आता पेनड्राइव्ह. ही गोष्ट मला जरा टोचते, कारण ऑगस्ट २०१७ मध्ये मी स्वतः ती दोन सहकाऱ्यांना "वाच, यात दम आहे" असं लिहून पाठवली होती.

गोष्ट अशी. गुसिफर २.० या नावाने वावरणाऱ्या, स्वतःला रुमानियन म्हणवणाऱ्या हॅकरने फाइल्सची एक गठडी बाहेर सोडली होती. तिच्यातल्या वेळा पाहिल्या तर ५ जुलै २०१६ ला १,९७६ मेगाबाइट ८७ सेकंदांत कॉपी झालेले दिसतात. म्हणजे सेकंदाला २२.७ मेगाबाइट. एवढा वेग तेव्हा इंटरनेटवरून रुमानियापर्यंत किंवा रशियापर्यंत मिळणं शक्य नाही, पेनड्राइव्हला मात्र तो जुळतो. म्हणून चोरी जागेवरच झाली, असा निष्कर्ष निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्यांच्या एका गटाने २४ जुलै २०१७ च्या निवेदनात काढला. त्याच गटातल्या काहींनी पुढे त्याला जाहीर विरोध केला, पण व्हायरल झालं ते पहिलंच.

यातली चूक मला कळली ती हुशारीने नव्हे. त्याआधी काही वर्षं पुण्याजवळच्या एका कारखान्याची केस माझ्याकडे होती. नोकरी सोडून गेलेल्या एका डिझायनरवर ड्रॉइंग चोरल्याचा आरोप होता. डिस्कवरच्या वेळा पाहून मी अहवालात लिहिलं, की अमुक तारखेला रात्री पावणेबारानंतर चार मिनिटांत सगळा फोल्डर कॉपी झालेला आहे. वेग पाहता बाहेरची डिस्क वापरलेली दिसते, असंही ऐटीत जोडलं. उलटतपासणीत वकिलांनी शांतपणे कारखान्याचंच एक रजिस्टर पुढे केलं. त्या रात्री आयटी विभागातल्या मुलाने जुनी डिस्क बदलून नवी बसवली होती आणि त्याच्या कॉपी करण्याची वेळ मी चोरीची वेळ म्हणून लिहिली होती. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते.

फाइलवरची वेळ ही शेवटच्या कॉपीची असू शकते, हे त्या दिवशी मी फी न भरता शिकले. लिनक्सवर साधी कॉपीची आज्ञा दिली की बदलाची वेळ कॉपी केल्या क्षणाची होते. विंडोजमध्ये ती जुनीच राहते आणि निर्मितीची वेळ नवी पडते. म्हणजे '१० जूनला तयार झालेली आणि ३ जूनला बदललेली' अशी, जन्माआधी बारसं झालेली फाइल तुम्हाला तुमच्याच लॅपटॉपवर सापडेल. त्या ८७ सेकंदांतून कळतं ते इतकंच, की कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी एका डिस्कवरून दुसरीकडे फाइल्स हलवल्या. हॅकरने चोरलेला माल आपल्याच भाड्याच्या सर्व्हरवर इकडून तिकडे ठेवला तरी हाच वेग दिसेल. आणि २२.७ मेगाबाइट म्हणजे सुमारे १८० मेगाबिट. एकाच डेटा सेंटरमधल्या दोन मशीनांना हा वेग म्हणजे बैलगाडीचा. शिवाय ही गठडी वेगळी आणि विकीलीक्स या गुप्त कागद फोडणाऱ्या वेबसाइटने २२ जुलै २०१६ ला प्रसिद्ध केलेल्या डीएनसीच्या सुमारे २० हजार ईमेल वेगळ्या. एकीच्या वेळांवरून दुसरीचा चोर ठरवायचा म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

मग रशियाचं नाव आलं कुठून?

मला सर्वांत वजनदार वाटतो तो पुरावा गंमतशीर आहे, कारण तो चोरांच्या गबाळेपणातून मिळाला. १९ मार्च २०१६ ला हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना, जॉन पोडेस्टा यांना, गूगलच्या नावाने एक ईमेल आली: कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, लगेच बदला. खाली बिटलीची, म्हणजे लांब लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेची, छोटी लिंक. पोडेस्टांच्या ऑफिसने आयटीवाल्याला विचारलं. त्याने उत्तर दिलं, ही ईमेल खरी आहे. नंतर त्याने सांगितलं, की मला 'खोटी' लिहायचं होतं, टाइप करताना चूक झाली. ध चा मा झाला आणि हजारो ईमेल बाहेर गेल्या.

पण मुद्दा पुढचा आहे. ज्या बिटली खात्यावरून लिंक तयार केल्या होत्या ते खातं हॅकरांनी खासगी केलंच नव्हतं. सिक्युअरवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी त्या लिंकांची यादीच उतरवून घेतली. पुढे असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी ती तपासली तेव्हा सुमारे १९ हजार लिंक आणि सुमारे ४,७०० जीमेल खाती निघाली. ती खाती कुणाची? युक्रेनचे अधिकारी, रशियातले पुतिनविरोधक, मॉस्कोची पाळंमुळं खणणारे पत्रकार, अमेरिकेतले संरक्षण क्षेत्रातले लोक, डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्यकर्ते. बहुतेक लिंक सोमवार ते शुक्रवार, मॉस्कोच्या ऑफिसच्या वेळेत तयार झालेल्या.

एखाद्या सोसायटीत चोरी झाली आणि चोराच्या खिशात पत्त्यांची यादी सापडली, तर आपण काय पाहतो? या सगळ्या घरांवर एकाच वेळी कुणाचा डोळा असू शकतो, तेच ना? डेमोक्रॅटिक पक्षावर राग असलेला घरचा माणूस कीव्हमधल्या अधिकाऱ्यांच्या आणि रशियन विरोधकांच्या मागे कशाला लागेल? शिवाय ही यादी ना एफबीआयने दिली ना डीएनसीने. क्राउडस्ट्राइकचा तिच्याशी संबंध नाही. कामाच्या वेळा मुद्दाम तशा ठेवता येतात, हे मला मान्य आहे. पण हजारो नावांची यादी महिनोन् महिने कुणाला तरी अडकवण्यासाठी राबवायची, आणि तीही लोकांना सापडेल या आशेवर, हे मला पटत नाही.

दुसरा धागा जर्मनीतला. २०१५ मध्ये जर्मन संसदेच्या नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली होती. तिथल्या मालवेअरमध्ये, म्हणजे हॅकरांनी पेरलेल्या प्रोग्राममध्ये, नियंत्रक सर्व्हरचा जो आयपी पत्ता कोरलेला होता, तोच डीएनसीत सापडलेल्या मालवेअरमध्ये निघाला. शंकेखोरांनी यावर चांगला मुद्दा काढला, की त्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं, की तिसराही कुणी त्यात घुसून तो वापरू शकला असता. म्हणून हा धागा मी एकटा धरत नाही, यादीबरोबर धरते.

तिसरा गुसिफर स्वतः. १४ जून २०१६ ला डीएनसीतल्या घुसखोरीची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी हा प्रकटला: मी एकटा आहे, रुमानियाचा आहे, रशियाचा काही संबंध नाही. एका पत्रकाराने त्याच्याशी रुमानियन भाषेत बोलून पाहिलं तर गडी अडखळायला लागला. त्याने टाकलेल्या कागदांपैकी एकात, शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव रशियन लिपीत होतं: फेलिक्स एडमुंडोविच. हे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं, झेर्झिन्स्कीचं, नाव. आपल्याकडे कुणी खंडणीच्या पत्राखाली 'बहिर्जी नाईक' अशी सही करावी तसा प्रकार. हा पुरावा मी शून्य धरते. असं नाव कुणीही टाकू शकतो, आणि इतकं उघड असलं की कुणीतरी मुद्दाम टाकलं असावं, ही शंका रास्तच आहे.

१३ जुलै २०१८ च्या आरोपपत्रात मात्र याच माणसाबद्दल एक वेगळा तपशील आला. रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या, जीआरयूच्या, १२ अधिकाऱ्यांवरचं हे आरोपपत्र. त्यात म्हटलं आहे, की १५ जून २०१६ ला मॉस्कोच्या वेळेप्रमाणे दुपारी ४:१९ ते ४:५६ या दरम्यान संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीच्या मॉस्कोतल्या सर्व्हरवरून काही इंग्रजी शब्दप्रयोग शोधले गेले. 'काही शे पानं', 'जगप्रसिद्ध', 'कंपनीची क्षमता' अशा अर्थाचे. परकी भाषेत पत्र लिहायला बसलेला माणूस शब्द बरोबर आहे ना, हे पाहतो तसे. संध्याकाळी ७:०२ ला गुसिफरची ब्लॉगवरची पहिली नोंद आली आणि तिच्यात हेच शब्दप्रयोग होते. हे खरं असेल तर रुमानियन एकांड्या शिलेदाराची गोष्ट तिथेच संपते. 'असेल तर' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

आता ज्या शंका खऱ्या ठरल्या त्यांच्याकडे येते, कारण त्याही कमी नाहीत.

२९ डिसेंबर २०१६ ला ओबामांनी ३५ रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं आणि त्याच दिवशी एफबीआय व गृहसुरक्षा खात्याने १३ पानांचा तांत्रिक अहवाल काढला. मी तो तेव्हा रात्री जागून वाचला आणि डोक्याला हात लावला. सोबत ८७६ आयपी पत्त्यांची यादी होती, आणि त्यातले बरेच टॉरचे, म्हणजे जगातला कुणीही जिथून तोंड लपवून बाहेर पडू शकतो अशा दारांचे. मालवेअरचा जो नमुना दिला होता तो युक्रेनमध्ये बनलेला, कुणालाही उतरवून घेता येणारा, आणि आवृत्तीही जुनी. वर्डफेन्स या कंपनीने हे लगेच दाखवून दिलं. या कागदावरून रशियाचं नाव घेता येत नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. व्हरमाँट राज्यातल्या एका वीज कंपनीने ती यादी आपल्या नोंदींशी ताडून पाहिली, एका लॅपटॉपवर एक पत्ता जुळला आणि दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टमध्ये बातमी: रशियन हॅकर अमेरिकेच्या वीजजाळ्यात. तो लॅपटॉप वीजजाळ्याला जोडलेलाच नव्हता. वर्तमानपत्राला बातमी दुरुस्त करावी लागली.

६ जानेवारी २०१७ चा गुप्तचर संस्थांचा अहवाल याहून जड, पण जनतेपुढे आला तो निष्कर्षांचाच भाग, आधार गुप्त. त्यात आरटी या रशियन वाहिनीवरची लांबलचक पुरवणी जोडली होती, तीही २०१२ सालची. ट्रम्प यांना जिंकवण्यास मदत व्हावी अशी पुतिन यांची इच्छा होती, या निष्कर्षावर सीआयए आणि एफबीआयने 'उच्च विश्वास' नोंदवला, तर जगभरच्या तारा ऐकणाऱ्या एनएसएने 'मध्यम'. हा फरक तेव्हा फार कुणी छापला नाही. सिनेटच्या दोन्ही पक्षांच्या समितीने २०२० मध्ये हा अहवाल नीट बांधलेला आहे असं म्हटलं. २०२५ मध्ये सीआयएच्याच अंतर्गत फेरतपासणीने, तो घाईत झाला आणि याच एका निष्कर्षावर 'उच्च विश्वास' द्यायला नको होता, असं म्हटलं. मनातल्या इच्छेचा पुरावा नेहमीच सर्वांत पातळ असतो. खुनाच्या खटल्यातही हेतू शाबित करताना सरकारी वकिलाच्या तोंडाला फेस येतो.

माजी ब्रिटिश गुप्तहेर स्टील यांनी ट्रम्प आणि रशियाच्या संबंधांवर लिहिलेलं टिपण तर उघड्यावर पडलंच. त्यावर विसंबून ट्रम्प यांच्या एका माजी सल्लागारावर पाळत ठेवण्याची परवानगी मागताना एफबीआयने १७ ठिकाणी मोठ्या चुका केल्याचं किंवा महत्त्वाच्या गोष्टी गाळल्याचं न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१९ मध्ये दाखवलं. म्हणून ईमेल चोरीचा पुरावाही खोटा, असं मात्र होत नाही. पोडेस्टांच्या बिटली लिंकचा त्या टिपणाशी काडीचा संबंध नाही. दोन वेगळ्या एफआयआर आहेत.

'ढवळाढवळ' या एका शब्दात चार दावे कोंबलेले असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. चोरी कुणी केली, माल बाजारात कसा आला, हुकूम कुणाचा आणि का, आणि मतांवर परिणाम काय झाला. चोरीचा पुरावा माझ्या मते दणकट आहे. परिणामाचा जवळजवळ नाही. रशियन पोस्टबद्दल फेसबुकने सांगितलेला १२ कोटी ६० लाखांचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण तो 'ज्यांच्या पडद्यावर हे कधीतरी येऊन गेलं असू शकेल' अशांचा, जवळपास पावणेतीन वर्षांचा. या पोस्ट खोट्या नावांनी लिहिणाऱ्या पीटर्सबर्गच्या संस्थेच्या, म्हणजे ट्रोल कारखान्याच्या, पैसे देऊन केलेल्या जाहिराती जितक्या वेळा दिसल्या, त्यांतल्या ५६ टक्के वेळा तर निवडणूक होऊन गेल्यावर. ट्विटरवरच्या रशियन खात्यांबद्दल २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला. त्यात दिसलं, की या मजकुराशी आलेल्या संबंधापैकी ७० टक्के हिस्सा फक्त १ टक्का लोकांचा, आणि मतं बदलल्याचा मागमूस नाही. तीन राज्यांतल्या ७७,७४४ मतांनी निवडणूक फिरली, हे खरं. ती मतं रशियाने फिरवली, असं कुणीही दाखवू शकलेलं नाही. चोरलेल्या ईमेलच्या बातम्यांचा परिणाम याहून मोठा असू शकेल, पण तो मोजायला माप कुणाकडे आहे? गुप्तचर संस्थांनीही परिणाम मोजलेला नाही, असं आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं.

हे चार दावे वेगळे न केल्याची किंमत रुमानियाने मोजली. २४ नोव्हेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू अचानक पहिले आले. प्रचारावर शून्य खर्च दाखवलेला माणूस. २ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने फेरी वैध ठरवली, ४ तारखेला गुप्तचर टिपणं खुली झाली आणि ६ तारखेला त्याच न्यायालयाने अख्खी निवडणूक रद्द केली. परदेशातल्या रुमानियनांचं दुसऱ्या फेरीचं मतदान तेव्हा सुरूही झालं होतं. टिपणांत टिकटॉकची सुमारे २५ हजार खाती होती, पैशांचे व्यवहार होते. खाती संघटितपणे चालवली, हे दिसत होतं. ती मॉस्कोतून चालवली, हा दुवा त्या कागदांत फार कच्चा होता. डिसेंबरातच स्नूप या शोधपत्रकारांच्या गटाने छापलं, की टिकटॉकवरच्या ज्या एका मोहिमेचा फायदा जॉर्जेस्कूंना झाला, तिचे पैसे सत्ताधारी आघाडीतल्याच लिबरल पक्षाने मोजले होते. पक्ष म्हणाला, आम्ही मागवलं वेगळंच होतं. पुढच्या तपासात काय निघालं हा निराळा भाग. पण निकालाच्या दिवशी जनतेपुढे जे होतं, तेवढ्यावर मी साधा चेक बाउन्सचा अहवालही लिहिला नसता. युरोपच्या व्हेनिस आयोग या घटनात्मक सल्लागार मंडळानेही जानेवारी २०२५ मध्ये बजावलं, की केवळ गुप्त माहितीच्या आधारावर निवडणूक रद्द करू नये.

आणि आपल्याकडचं ताजं उदाहरण तर तुमच्या व्हॉट्सॲपवरही आलं असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या खर्चकपात विभागाने जाहीर केलं, की भारतात मतदान वाढवण्यासाठीचे २ कोटी १० लाख डॉलर रद्द केले. ट्रम्प बोलले, आपल्या वाहिन्यांवर चार दिवस 'परकीय हात' घुमला. इंडियन एक्स्प्रेसने कागद तपासले तेव्हा त्या रकमेची मंजुरी निघाली २०२२ ची, बांगलादेशासाठीची. त्या चार दिवसांत कुठल्या वर्षाचा, कुणाच्या नावाचा कागद आहे, एवढंही विचारायला कुणाला सुचलं नव्हतं.

शेवटी, तुमच्यापेक्षा बळकट वाटणारी माझी शंका. आरोपपत्र म्हणजे पुरावा नव्हे. ते एका बाजूचं म्हणणं आहे, आणि जुलै २०१८ पासून त्या बारा अधिकाऱ्यांपैकी एकही अमेरिकी कोर्टात उभा राहिलेला नाही. ट्रोल कारखान्याच्या प्रकरणात काँकॉर्ड या एकाच रशियन कंपनीने वकील पाठवून 'चला, सिद्ध करा' म्हटलं, तर न्याय खात्याने मार्च २०२० मध्ये, खटला तोंडावर आला असताना, तिच्यावरचे आरोप मागे घेतले. कारण दिलं, की गोपनीय गोष्टी उघड होतील. त्या कंपनीचे मालक प्रिगोझिन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये "हस्तक्षेप केला, करतोय आणि करणार" असं सांगून टाकलं, पण बढाईखोराची कबुली मी जपून घेते.

मला उलटतपासणीची संधी मिळाली असती तर तीन गोष्टी विचारल्या असत्या. मॉस्कोतल्या सर्व्हरवर ४:१९ ला कुणी काय शोधलं हे तुम्हाला कुठून कळलं, आणि ती नोंद मूळ आहे की कुणी दिलेली नक्कल? क्राउडस्ट्राइकच्या वरिष्ठांनी डिसेंबर २०१७ मध्ये संसदीय समितीला सांगितलं, की ईमेल बाहेर नेल्याच्या खुणा आहेत, पण नेताना पाहिल्याचा थेट पुरावा आमच्याकडे नाही. मग एफबीआयला मिळालेल्या वाहतुकीच्या नोंदींत तो दिसतो का, आणि कोणत्या तारखेला? आणि तिसरं: विकीलीक्सचे संस्थापक असांज यांनी क्लिंटन यांच्याविषयीच्या ईमेल येणार असल्याचं १२ जून २०१६ ला ब्रिटिश वाहिनीवर सांगितलं. गुसिफरने विकीलीक्सला कुलूपबंद फाइल पाठवल्याची तुमची तारीख १४ जुलै. माल मध्यस्थामार्फत गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, हे म्युलर यांनीच लिहून ठेवलंय. मग १२ जूनला असांज यांच्या हातात नेमकं काय होतं आणि ते कुणी आणून दिलं?